वडिलांचं पिस्तूल, भाच्याची यादी आणि बेचाळीस काडतुसं : नौपाड्यातल्या एका सराफाचं प्रकरण

पार्श्वभूमी

शेठचं दुकान नौपाड्यात, तिसरी पिढी. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत. बाकी घडलं तसं लिहितोय. मी सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. निवृत्तीनंतर ठाण्यातच राहतो आणि ओळखीतले परवानाधारक आपलं हत्यार दाखवायला माझ्याकडे येतात. दुरुस्ती मी करत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. बघतो, मत देतो, चहा घेतो.

शेठ आठवड्यातून दोनदा झवेरी बाजारात कारागिरांकडे जायचे. जाताना जुन्या सोन्याची मोड, येताना तयार माल. मस्जिद बंदरहून लोकल, ठाणे स्टेशनला उतरायचं आणि गर्दीतून पायी दुकान. २०२१ साली वडील गेले, त्यांच्या जागी हे फेऱ्या मारू लागले, आणि काही महिन्यांत लक्षात आलं की एकच मोटारसायकल तीन आठवडे ठरावीक वारी स्टेशनबाहेर दिसतेय. पुढे काही झालं नाही. पण घरात झोप उडाली.

वडिलांचं एक पिस्तूल होतं. .३२ बोअर (नळीचं माप), युरोपीय बनावट, सत्तरच्या दशकात घेतलेलं. वडील गेल्यावर ते रीतसर विक्रेत्याकडे जमा केलं होतं. वारस म्हणून शेठनी ठाणे पोलीस आयुक्तालयात अर्ज केला. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलीस चौकशी, दोन-चार हेलपाटे, आणि २०२२ च्या अखेरीस परवाना हातात आला. पाच वर्षांचा, २०१९ च्या दुरुस्तीआधी तो तीनच वर्षांचा असायचा.

मग चौदा महिने हे पिस्तूल कमरेला लावून ते झवेरी बाजारात गेले-आले. चौदा महिन्यांत एकही गोळी झाडली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "काका, गोळ्या मोजून मिळतात. उगाच कशाला उडवायच्या?"

अडचण

जानेवारी २०२४ मध्ये माझ्या आग्रहावरून ते रेंजवर आले. पिस्तूल, दोन मॅगझीन (गोळ्या भरून मुठीत सरकवायच्या पेट्या) आणि काडतुसांच्या तीन डब्या. त्यातली एक डबी वडिलांच्या कपाटातली, पुठ्ठा पिवळा पडलेला. बेचाळीस काडतुसं झाडायला घेतली आणि सात वेळा अडलो.

सहापैकी एक, असा हिशोब मनात करून शेठ खाली बसले. "इंपोर्टेड असून?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण चेहऱ्यावर होता: चौदा महिने मी काय घेऊन फिरत होतो?

मला मात्र हा आकडा तसाच्या तसा मान्य नव्हता. सात अडथळे एका जातीचे नव्हते. प्रत्येक वेळी मी कागदावर तीन गोष्टी टिपत होतो: कुठली डबी, कुठलं मॅगझीन, कितवी गोळी. शेठ वैतागले होते, "काका, नोंदी कसल्या करताय, जाम झालंय ते सोडवा." पण नोंद नसती तर या प्रकरणात सांगण्यासारखं काहीच उरलं नसतं.

तीन वेळा नुसता खटका वाजला, गोळी सुटली नाही. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण उशिरा पेटणारं काडतूस हातात घेऊन बघणं म्हणजे बोटांवर उदार होणं. थांबलो, पुन्हा घोडा चढवून चाप ओढला, तरी सुटली नाहीत. काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोक्यानं पेटणाऱ्या टोपीवर पिनचा खळगा दोन्ही वेळा चांगला खोल. म्हणजे पिन आपलं काम करत होती, काडतूसच मेलेलं होतं. तिन्ही वडिलांच्या डबीतली. पितळेवर हिरवी झाक. ठाण्यातले किती पावसाळे त्या कपाटानं पाहिले असतील!

तीन वेळा नवीन काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खाचेत, चढताना नाक खाली घालून वाटेतल्या उतरणीवर अडकलं. तिन्ही वेळा मॅगझीन एकच, आणि डबी नवी. त्या मॅगझीनवर कारखान्याची कोणतीच खूण नव्हती. मूळ मॅगझीनवर आहे. वडिलांनी कधीतरी, कुठूनतरी दुसरं मिळवलं असणार. मॅगझीनचे काडतूस धरून ठेवणारे वरचे ओठ बोटानं चाचपले तर एक बाजू दुसरीपेक्षा किंचित उघडी.

.३२ चं काडतूस आणखी एका बाबतीत नाजूक. जॉन ब्राउनिंगनं ते १८९९ च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी आखलं, तेव्हा मागची कड कोठीपेक्षा, म्हणजे दारूच्या पितळी नळकांड्यापेक्षा, किंचित रुंद ठेवली. त्यामुळे मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकून बसतात. ठोकून सुटत नाहीत, मॅगझीन काढावंच लागतं. शेठच्या बाबतीत तसं झालं नाही. पण भरताना ते काडतुसं कशीही कोंबत होते, म्हणून मी ते तिथेच थांबवलं आणि प्रत्येक काडतूस पाठीला टेकवून भरायला लावलं.

सातवा अडथळा शेवटच्या काही गोळ्यांतला. रिकामी पुंगळी स्लाइडच्या, म्हणजे दर गोळीला मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, तोंडात उभी राहिली, गिरणीच्या चिमणीसारखी. मॅगझीन मूळचं, काडतूस नवं. हात मात्र थकलेला. छोट्या पिस्तुलात स्लाइड मागे जाण्यासाठी चौकट हातात घट्ट थांबावी लागते. मनगट ढिलं पडलं की पिस्तूलच मागे सरकतं, स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर पडायच्या आत दार मिटतं.

मग पिस्तुलाचा दोष काहीच नाही? होता, पण त्यानं अडथळा केला नव्हता. पुंगळ्या चार-पाच पावलांवर पडायला हव्यात, त्या दुप्पट लांब उडत होत्या, आणि चौकटीवर स्लाइड आदळल्याच्या चकचकीत खुणा होत्या. स्लाइडला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग थकली होती. अशा पिस्तुलात नळीला कुलूप नसतं, गोळी सुटेपर्यंत मागचं दार धरून ठेवतात ते फक्त स्लाइडचं वजन आणि ती स्प्रिंग. पन्नास वर्षांत ती कुणी बदललीच नव्हती.

समोरचे पर्याय

त्या रविवारी संध्याकाळी शेठच्या घरी बैठक बसली. वहिनींनी पोहे केले होते. भाचा आला होता, ऐरोलीला आयटीत असतो. त्याच्या फोनमध्ये यादी तयार होती.

"मामा, जुनं सोडा. हे बघा, सिग पी ३६५. ग्लॉक ४३. हेलकॅट."

यादी चुकीची नव्हती. ग्लॉक ४३ आलं २०१५ मध्ये, पी ३६५ २०१८ मध्ये, हेलकॅट त्याच्या पुढच्या वर्षी, क्रोएशियात बनलेलं. छोट्या चौकटीत जास्त गोळ्या बसवण्याची ती स्पर्धा खरोखरच कारागिरीची आहे. पण तिन्ही ९ मिलिमीटर पॅराबेलम, आणि ते काडतूस आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. शिवाय बाहेरून हत्यार आणणं सामान्य परवानाधारकाला ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. यादी दोन मिनिटांत निकालात निघाली असती.

पण भाच्याच्या मनातला खरा मुद्दा वेगळा होता: चांगल्या कंपनीचं घेतलं की प्रश्न मिटला. म्हणून मी त्याला त्याच्याच यादीचा मागचा इतिहास सांगितला. पी ३६५ च्या पहिल्या काही महिन्यांतल्या पिस्तुलांत फायरिंग पिन तुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या. पुढे ते सुधारलं आणि नाव कमावून बसलं. रुगर एलसीपी २००८ मध्ये कंपनीनं परत मागवली, पडल्यावर गोळी सुटू शकते म्हणून. स्प्रिंगफील्डची एक्सडी-एस २०१३ मध्ये परत मागवली, भरताना स्लाइड सोडल्यावर गोळी सुटू शकते म्हणून. रेमिंग्टननं २०१४ मध्ये आर ५१ बाजारात आणलं आणि त्याच जुलैत परत बोलावलं; दोनशे वर्षांची परंपरा सांगणारी कंपनी! टॉरसनं २०१५ मध्ये अमेरिकेत नऊ मॉडेलांवरून खटला तडजोडीनं मिटवला, पिस्तुलं दहा लाखांच्या आसपास. छोटं पिस्तूल बनवणं मोठ्यापेक्षा कठीण असतं. स्लाइड हलकी, तिचा प्रवास आखूड, स्प्रिंगा कडक, आणि मॅगझीननं पुढची गोळी वर उचलायला मिळणारा वेळ अगदी चिमूटभर. मोठ्या पिस्तुलात खपून जाणारी चूक इथे खपत नाही.

भाचा थोडा हिरमुसला, पण ऐकत होता. हे पोरगं पुढे कामाला आलं.

दुसरा पर्याय शेठच्या मनात घर करून होता: एका विक्रेत्याकडे असलेलं जुनं वॉल्थर पीपीके. किंमत म्हणाल तर बऱ्यापैकी सेकंडहँड गाडी आली असती. आयात बंद असल्यानं देशात आहेत तेवढीच हत्यारं हातोहात फिरतात आणि भाव चढत राहतो. त्या भावात गुणवत्ता किती आणि दुर्मीळपणा किती, हे सराफाला तरी मी सांगायला नको होतं. "शेठ, घडणावळ किती आणि सोनं किती ते आधी विचारा," एवढंच म्हटलं.

वॉल्थरचं आधीचं पीपी १९२९ चं, पीपीके १९३१ चं, मूळ कारखाना जर्मनीत झेला-मेलिसला. युद्धानंतर परवान्यावर फ्रान्समध्ये मानुऱ्हिननं बनवलं. पुढे अमेरिकेत अलाबामात पीपीके/एस बनू लागलं. २००२ पासून स्मिथ अँड वेसननं मेन राज्यात बनवलं, आणि मार्च २००२ ते फेब्रुवारी २००९ मधला सगळा माल सेफ्टीच्या दोषावरून परत मागवला. नाव एकच, पण कारखाने, पोलाद, कामगार आणि वर्षं वेगवेगळी. "पीपीके चांगलं का?" या प्रश्नाला उत्तर नाही. "हे पीपीके चांगलं का?" याला आहे, पण ते रेंजवरच मिळतं.

तिसरा पर्याय नवं देशी पिस्तूल, म्हणजे सरकारी आयुध कारखान्याची .३२ बोअरची 'अशनी'. जुन्या ब्राउनिंग घाटणीचं, भाग मिळतात, पावती मिळते. चौथा पर्याय .३२ रिव्हॉल्वर. त्यात आता निवड आहे: २०१४ मध्ये आलेलं हलकं 'निर्भीक', सुमारे ५०० ग्रॅम, २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीनं आणलेलं गोळ्यांचं चक्र बाजूला उघडणारं 'प्रबल', सुमारे ७०० ग्रॅम, उत्तर प्रदेशात हरदोईला बनणारं वेब्लीचं. पाचवा पर्याय वडिलांचंच पिस्तूल नीट करणं.

सहावा पर्याय वहिनींनी पोह्यांच्या बश्या उचलताना मांडला. "माल तुम्हीच का आणायचा? विमा उतरवून पोचवणारे असतात ना?" त्यावर कुणीच काही बोललं नाही. मीसुद्धा. यादीत मी तो लिहिलाच नाही, हे पुढे लक्षात घ्या.

काय केलं

पहिला निर्णय सोपा होता. हिरवी डबी आणि बिनखुणेचं मॅगझीन बाद. वहिनींच्या नेलपॉलिशनं मूळ मॅगझीनच्या तळाला लाल ठिपका लावला.

दुसरा निर्णय पीपीकेचा, आणि तिथे शेठ घसरता घसरता राहिले. विक्रेता घाई करत होता, पुण्याचा गिऱ्हाईक थांबलाय म्हणत होता. मी एकच अट घालायला सांगितली: पैसे देण्याआधी रेंजवर पन्नास गोळ्या, काडतुसांचा खर्च आमचा. विक्रेता म्हणाला, "असलं पीस कोणी टेस्ट करत नाही." शेठनी फोन ठेवला. नंतर दोन दिवस माझ्यावर रुसले होते.

तिसरा निर्णय वडिलांच्या पिस्तुलाचा. दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून योग्य मापाची नवी रिकॉइल स्प्रिंग बसवून घेतली. फेब्रुवारीत पुन्हा रेंज: लाल ठिपक्याचं मॅगझीन, एकाच डबीच्या लॉटची नवी काडतुसं, पन्नास गोळ्या. एकच अडथळा, पुन्हा चिमणी, पुन्हा थकल्या हातातली. अमेरिकेत हौशी लोक दोनशे गोळ्या विनाअडथळा गेल्याशिवाय हत्यार कमरेला लावू नका म्हणतात. आपल्याकडे परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, तेव्हा दोनशे म्हणजे चैन. पण पन्नासात एक हा आकडा मला रोजच्या वापरासाठी पटला नाही. त्याहून मोठं कारण: विश्वासाचं मॅगझीन जगात एक, आणि पिन तुटली तर दुसरी मिळणार नाही.

पिस्तूल की रिव्हॉल्वर यावर शेठ आणि मी तासभर वाद घातला. पिस्तूल चपटं, बुशशर्टखाली दिसत नाही. रिव्हॉल्वर जाड, सहाच गोळ्या, चाप जड; पहिल्यांदा ओढला तेव्हा त्यांची गोळी लक्ष्याच्या हातभर खाली गेली. पण मॅगझीन नाही, ढिल्या मनगटाला ते माफ करतं, आणि काडतूस मेलेलं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं समोर येतं. शेठ महिन्यातून एकदा रेंजवर येणार, घाबरले की हात ढिला सोडणार, काडतुसं कपाटात ठेवणार. या माणसाला रिव्हॉल्वर. भाच्याला मी कदाचित पिस्तूलच सांगितलं असतं. कोणतं रिव्हॉल्वर घेतलं ते लिहीत नाही; लिहिलं तर वाचणारे तेवढंच लक्षात ठेवतात.

दुसऱ्या हत्याराच्या मंजुरीसाठी अर्ज केला. २०१९ पासून एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे हा कोटाही इथेच संपला.

निवडणुकीचं वर्ष

इथपर्यंत सगळं आमच्या हातात होतं. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालं. जूनमध्ये परत मिळालं तेव्हा स्लाइडच्या एका बाजूला गंजाची तांबूस नक्षी. शेठनी ते चामड्याच्या होल्स्टरसकट जमा केलं होतं, तेलाचा हात न फिरवता. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार पोलादाला खातात. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं.

रिव्हॉल्वरची मंजुरी ऑगस्टअखेर आली, सप्टेंबरमध्ये खरेदी झाली. एक छोटा अपघात टळला तो इथेच लिहून ठेवतो. डबीवर दोन्हीकडे .३२ लिहिलेलं असतं, पण पिस्तुलाच्या काडतुसाची कोठी १७ मिलिमीटर आणि रिव्हॉल्वरच्या काडतुसाची २३. पिस्तुलाचं आखूड काडतूस रिव्हॉल्वरच्या चक्रात जातंही, आणि त्याचा दाब जास्त असतो. शेठ तेच भरत होते. भाच्यानं हात धरला. त्या दिवसापासून दोन डब्या दोन वेगळ्या कुलपांत.

साठ गोळ्या झाडून झाल्या. दोन खटके फुकट गेले, दोन्ही वेळा दुसऱ्यांदा चाप ओढल्यावर पुढची गोळी सुटली. शेठना प्रथमच हायसं वाटलं.

आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला. सराफाच्या वर्षातला सगळ्यात जास्त माल, सगळ्यात जास्त रोकड, सगळ्यात जास्त गर्दी, आणि दोन्ही हत्यारं पोलीस ठाण्याच्या कपाटात. आठ महिने आम्ही विश्वासार्हता मोजत होतो, आणि ज्या पंधरवड्यासाठी मोजत होतो त्यात मोजायला हत्यारच नव्हतं.

त्या दिवाळीत शेठनी नाइलाजानं वहिनींचा पर्याय वापरला. विम्यासह माल पोचवणारी सेवा, सीलबंद पेटी, दुकानात पावती. खर्च आला, पण त्यांनी स्वतः हिशोब केला तेव्हा पीपीकेच्या किमतीत किती वर्षं ती सेवा चालली असती हे त्यांनी मला कागदावर दाखवलं. मी आकडा वाचला आणि चहा मागितला.

आज काय आहे

माल आता पेटीतून येतो. शेठ झवेरी बाजारात जातात ते कारागिरांशी बोलायला, रिकाम्या हातानं, वेगवेगळ्या वारी. रिव्हॉल्वर दुकानात असतं. महिन्यातून एका रविवारी सहा ते बारा गोळ्या, नोंदवही भाच्याकडे.

काय वेगळं करता आलं असतं

चौदा महिने न झाडता हत्यार बाळगणं ही उघड चूक, तिच्यावर जास्त लिहीत नाही. हातात आल्याच्या पहिल्या आठवड्यात दोन मॅगझीन भरून रिकामी केली असती तरी पुढची सगळी चर्चा एका दुपारीत झाली असती.

माझी चूक मला जास्त टोचते. शेठ माझ्याकडे हत्यार घेऊन आले, म्हणून मी प्रश्न हत्याराचा मानला. प्रश्न आठवड्यातून दोनदा, ठरावीक वारी, ठरावीक वाटेनं जाणाऱ्या पिशवीचा होता. वहिनींनी तो पहिल्याच संध्याकाळी बरोबर ओळखला होता, आणि आम्ही तिघं पुरुष त्या वेळी स्प्रिंगांबद्दल बोलत होतो.

एका बाबतीत अजून माझं मत पक्कं झालेलं नाही. नवं देशी पिस्तूल आम्ही झाडून न बघताच बाजूला ठेवलं, फक्त शेठच्या मनगटाकडे बघून. पंचवीस गोळ्या तरी बघायला हव्या होत्या. उधारीवर रेंजवर वापरायला द्यायला एक परवानाधारक तयारही होता; माझ्याच कंटाळ्यानं ते राहून गेलं.

वडिलांचं पिस्तूल घरीच आहे. गंज काढला, डाग राहिला. शेठचा विचार ते पुढे भाच्याला द्यायचा. विकायचं किंवा द्यायचं तर आधी लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं, आणि भाच्याकडे परवाना लागतो. तोपर्यंत २०२७ चं नूतनीकरण येईल. भाचा परवा येऊन ते उघडून, पुसून, तेल लावून गेला. मॅगझीनवरचा लाल ठिपका निम्मा उडाला होता, तर वहिनींकडून बाटली मागून घेऊन पुन्हा लावला.